बारा दिवसांची पाहुणी आणि वीस चौरस मीटरची खोली

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात एका हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये, इंग्रजी शिकवण्याचं पहिलंच वर्ष. तास दुपारी दोन ते रात्री नऊ. राहायला क्लासनंच दिलेली वनरूम. शाळेपासूनची मैत्रीण पुण्याहून बारा दिवसांसाठी येणार आहे. ती अंडं खाते, पण मांस-मासे नाही. रजा मिळतेय फक्त दोन दिवसांची. तिला छुसॉकच्या, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाच्या, सुट्टीत बोलवू की ऑक्टोबरच्या मध्यात? आणि ती असताना तिच्याकडे नीट लक्ष कसं देऊ?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, ताई म्हणून विचारलंस म्हणून स्पष्टच सांगते: बारा दिवस लक्ष द्यायचं नाही. पहिले दोन दिवस तिच्या सावलीसारखी राहा आणि तिसऱ्या दिवशी तिला मोकळी सोड. तिची सुट्टी आहे, तुझी नोकरी आहे. हे दोघींनी विमानाचं तिकीट काढायच्या आधी एकमेकींशी बोलून घेतलं तर बाकीचं सगळं निभावतं. मी इथं अकरा वर्षं आहे. पहिली तीन देजॉनच्याच एका हागवॉनमध्ये काढली, मग बुसानच्या सरकारी शाळेत आले. आलेले पाहुणे मोजले नाहीत, पण माझ्याकडे तीन जादा उश्या आहेत, त्यावरून काय ते समज.

छुसॉकचा मोह मला कळतो. तीन दिवस सरकारी सुट्टी, त्याला शनिवार-रविवार चिकटला तर पाच, आणि रजा खर्ची पडत नाही. पहिल्या वर्षी मीही हाच हिशेब करून एका मैत्रिणीला बोलावलं होतं. पण गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था, ती तेव्हा अख्ख्या देशाची असते. केटीएक्सची, म्हणजे इथल्या वेगवान रेल्वेची, तिकिटं काही आठवडे आधी ठरलेल्या दिवशी खुली होतात आणि बघता बघता उडतात. महामार्गावर बस रांगत असते. आमच्या गल्लीतल्या खाणावळींचे शटर खाली. दोन दिवस आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातला डब्यात मिळणारा भात मायक्रोवेव्ह करून तिनं आणलेल्या मेतकुटाबरोबर खाल्ला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी ताटलीभर सोंगप्यॉन घेऊन आल्या. मैत्रिणीनं एक उचललं, उलटं करून बघितलं, तोंडात टाकलं आणि म्हणाली, "अगं, हे तर मोदक! फक्त कळ्या काढायचा कंटाळा केलाय." तांदळाच्या पिठाची कढत पाण्यात मळलेली पारी, आत तीळ आणि साखर, आणि हळदीच्या पानाऐवजी पाइनच्या सुयांवर वाफवलेलं. बुडाला सुयांच्या बारीक रेषा उमटलेल्या, वासही त्याच झाडाचा. आजी दारातच उभ्या होत्या. त्यांना मोदक म्हणजे काय ते सांगण्याइतकं कोरियन मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी नुसतं खाऊन दाखवलं.

आठवण छान आहे, सल्ला तरीही ऑक्टोबरच्या मध्याचाच. हवा कोरडी, आकाश निळं, डोंगरावर पानं रंगायला लागलेली. वसंतात धूळ असते, जूनच्या शेवटी पाऊस सुरू होतो, जानेवारीत पुण्याचा माणूस घराबाहेर पडत नाही.

व्हिसाचं आत्ताच बघ. तुझा-माझा पासपोर्ट कॅनडाचा. आपला ई-२ व्हिसा सातच इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीय पासपोर्टवर शिकवायला यायचं तर २०१० च्या सेपा या भारत-कोरिया व्यापारी करारातून सरकारी शाळेत सहायक शिक्षकाची एक अरुंद वाट आहे, तीही इंग्रजीतली पदवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र असेल तर. आपल्याला कोरियात फिरायला व्हिसा लागत नाही, म्हणून आपण विसरतो की मैत्रिणीला लागतो. ती मुंबईच्या कोरियन वकिलातीच्या हद्दीत येते. बँकेचे कागद, नोकरीवरचं रजेचं पत्र ती जमवेल. तू तुझ्याकडे राहणार असल्याचं पत्र आणि तुझ्या परदेशी नागरिक ओळखपत्राची प्रत पाठव. तुझा पत्ता कोरियन लिपीत तिच्या फोनमध्ये असू दे. आगमनाच्या फॉर्मवर पत्ता आणि फोन विचारतात, आणि टॅक्सीवाल्यालाही तोच दाखवायचा आहे.

तिला ताजी फळं आणू नकोस म्हणून दोनदा सांग. ऑक्टोबर म्हणजे सीताफळांचा हंगाम. माझी एक पाहुणी सासवडची सहा सीताफळं हातातल्या पिशवीत जपून घेऊन आली होती. इंचॉन विमानतळावर क्वारंटाइनच्या टेबलावर ती ठेवावी लागली. बाहेर आली तेव्हा तिला माझ्या भेटीपेक्षा सीताफळांचंच जास्त वाटत होतं. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, चितळ्यांची बाकरवडी हे आणू दे. चार्जर बारीक दोन पिनांचा असेल तर इथल्या प्लगमध्ये बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

विमानतळावर जायला रजेचा दिवस घालवू नकोस. इंचॉनहून देजॉनला थेट लिमोझिन बस आहे, साधारण तीन तास लागतात. दुसरा रस्ता म्हणजे एरेक्स या विमानतळाच्या रेल्वेनं सोल स्टेशन आणि तिथून केटीएक्सनं तासाभरात देजॉन. पण रात्रभराच्या प्रवासानंतर बॅगा घेऊन गाडी बदलण्यापेक्षा बसमध्ये झोपलेलं बरं. तू देजॉनच्या बसथांब्यावर उभी राहा. विमानतळावरच्याच दुकानातून बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड घ्यायला सांग आणि थोडे रोख वॉन जवळ ठेवायला सांग, कारण कार्ड भरायची बरीच यंत्रं रोखच मागतात. नेव्हर मॅप हे इथलं नकाशाचं अ‍ॅप पुण्यातूनच डाउनलोड करून घेऊ दे. इथं वर्षानुवर्षं गूगल मॅप्सवर भरवसा ठेवणारी माणसं चुकीच्या चौकात उभी दिसत आलीत.

आता खोली. वनरूममध्ये सलग बारा रात्री दोघींनी काढू नयेत. कितीही जीव एकमेकींवर असला तरी. वीस चौरस मीटरमध्ये पलंग, कपड्यांचा स्टँड, वॉशिंग मशीन आणि ओटा असतो. कपडे वाळत घातले की चालायला जागा उरत नाही. माझा साचा असा: पहिल्या पाच रात्री तुझ्याकडे, मग तीन रात्री ती एकटी सोलला गेस्टहाउसमध्ये, मग शनिवार-रविवार आणि तुझे रजेचे दोन दिवस धरून दोघींनी ग्योंगजू-बुसान, शेवटची एक-दोन रात्र पुन्हा देजॉन. मधल्या त्या तीन रात्रींत तुझा आवाज परत येतो. तिला जमिनीवर जाड गादी घालून झोपव, जमीन तापवणारं ओंदोल लावलं की खालून ऊब येते आणि पलंगापेक्षा तिलाच बरी झोप लागते. हो, आणि वॉनजांगनिमना, म्हणजे क्लासच्या संचालकांना, आधी सांगून ठेव. घर क्लासच्या नावावर असतं. माझ्या वरच्या मजल्यावरच्यांनी एकदा मालकाला कळवलं की इथं दोघी राहतात, मालकानं क्लासला, आणि मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं. आधी एक वाक्य बोलले असते तर काहीच नव्हतं.

ती यायच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या चिकटव. मराठीत. दाराच्या नंबरच्या कुलुपाजवळ "तारा दाबून मग नंबर" (तुझ्या कुलुपाचा जो क्रम असेल तो). बॉयलरच्या पॅनलवर "आंघोळीआधी हे दाब", त्या शेजारच्या बटणावर "हे दाबू नकोस". गॅसच्या पिवळ्या कॉकवर "आडवा म्हणजे बंद". वॉशिंग मशीनवर फक्त एक बाण, बाकी बटणं तिनं बघूच नयेत. कचऱ्याच्या तीन जागांवर सगळ्यात मोठ्या चिठ्ठ्या: उरलेलं अन्न वेगळं, प्लास्टिक-काच-कागद वेगळं, आणि बाकीचा कचरा फक्त दुकानात विकत मिळणाऱ्या महापालिकेच्या पिशवीतच. ही पिशव्यांची पद्धत १९९५ पासून देशभर आहे आणि शेजारीपाजारी तिच्याबाबत फार कडक आहेत. माझ्या एका पाहुणीनं डीमार्टच्या पिशवीत कचरा बांधून खाली ठेवला. संध्याकाळी ती पिशवी माझ्या दाराला टांगलेली होती. आत कांद्याची सालं आणि चहाचा चोथा. इमारतीत दुसरं कोण असणार!

फोडणीबद्दलही बोल. एका रविवारी मैत्रिणीनं मला खूश करायला आमटी केली. तेल तापलं, मोहरी, हिंग, चार सुक्या मिरच्या. खिडकी बंद, कारण बाहेर थंडी. मिरच्यांचा खाट असा चढला की आम्ही दोघी खोकत सुटलो, तेवढ्यात छतातल्या स्पीकरवरून कुणीतरी कोरियनमध्ये काहीतरी सांगू लागलं. मी त्यातला "वास" एवढाच शब्द ओळखला. दोन मिनिटांत दारावर टकटक. इमारतीचे व्यवस्थापक हातात आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभे. त्यांना वाटी भरून आमटी दिली. घेतली त्यांनी, आणि वाटी घासून परत आणून दिली. चव आवडली की नाही ते मात्र बोलले नाहीत. तेव्हापासून पाहुण्यांना सांगते: पंखा आधी लाव, खिडकी उघड, मिरची शेवटी, आणि कुकरची शिट्टी रात्री नऊच्या आत.

या हिंगाची एक गंमत आहे, तिला नक्की सांग. कोरियन बौद्ध मठांतल्या जेवणात कांदा, लसूण आणि त्यांचे दोन भाऊबंद वर्ज्य असतात. पाच वर्ज्य पदार्थांच्या त्या यादीतलं पाचवं नाव आहे हुंगो, म्हणजे आपला हिंग. इथं तो पिकत नाही, कुणी तो बघितलेलाही नाही. ग्रंथांबरोबर नाव आलं आणि यादीत राहिलं.

शाकाहाराचा प्रश्न मोठा आहे, पण सुटतो. अडचण मांसाची नाही, रश्श्याची आहे. "मांस नको" म्हटलं की कोरियन माणूस प्रामाणिकपणे गाई-डुकराचं मांस काढतो. वाळवलेल्या मासळीचं, म्हणजे म्योलचीचं पाणी त्याच्या हिशेबात मांस नसतंच. दोनजांग जिगे (आंबवलेल्या सोयाबीनची आमटी), तोकबोक्की (तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या वड्या), नूडल्सचं सूप, बहुतेकांच्या बुडाशी ते असतं. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी असते. किमबापमध्ये, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भातात, हॅम किंवा माशाची वडी. बिबिमबाप या भाज्या घातलेल्या भातातला खिमा काढता येतो, पण गोचुजांग या मिरचीच्या चटणीतही कधी कधी खिमा परतलेला असतो. तेव्हा तिनं आधी स्वतःशी ठरवावं, दिसणारं टाळायचं की रस्साही टाळायचा. दिसणारं टाळायचं असेल तर "गोगी प्पेगो जुसेयो", म्हणजे "मांस काढून द्या", या एका वाक्यावर बारा दिवस जातात. रस्साही नको असेल तर कागदावर कोरियनमध्ये लिहून दे: मांस, मासे, कोळंबी, मासळीचा रस्सा चालत नाही, अंडं चालतं. तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा. बाई तो आत घेऊन जातात, आत चर्चा होते, आणि काय चालेल ते ठरवूनच बाहेर येतात.

तू देजॉनमध्ये आहेस ही खरं तर चांगली गोष्ट. ग्येर्योंगसान डोंगराच्या पायथ्याशी दोंगहाकसा हा भिक्षुणींचा मठ आहे, शहराच्या बसनं जाता येतं. वाटेवरच्या हॉटेलांत रानभाज्यांचं बिबिमबाप आणि दोतोरीमुक मिळतं. दोतोरीमुक म्हणजे ओकच्या फळांच्या सत्त्वाची तपकिरी वडी, तिळाच्या तेलात आणि सोया सॉसमध्ये. दिसायला खरवसाची सावळी बहीण, चवीला किंचित तुरट. पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला आवडते. बटाट्याचं गामजाजॉन तिला थालीपिठासारखं वाटेल. लाल भोपळ्याचं होबाकजुक, रस्त्यावरची भाजलेली रताळी, हिवाळा जवळ आला की मिळणारं माशाच्या आकाराचं पण आत गोड चवळीसारखं पुरण असलेलं बुंगओप्पांग. हे शेवटचं तिला हातात द्यायच्या आधी मासा नाही हे सांग, नाहीतर चेहरा बघण्यासारखा होतो. गावातल्या सोंगशिमदांग बेकरीत नेच, १९५६ पासूनची आहे. तळलेल्या सोबोरो पावासाठी रांग लागते आणि ती पटापट सरकते.

वेळेचं गणित तुला वाटतं तितकं वाईट नाही. दोन ते नऊ म्हणजे तुझ्या सगळ्या सकाळी मोकळ्या आहेत. सरकारी शाळेतल्या माझ्यासारख्यांना ते सुख नाही. आम्ही साडेआठला हजर, आणि मुलांना सुट्टी असली तरी रिकाम्या शाळेत खुर्ची गरम करत बसायचं. तेव्हा सकाळी सातला निघा. देजॉनमधल्या युसॉंगचा बाजार ४ आणि ९ नं संपणाऱ्या तारखांना भरतो. आपल्या आठवडे बाजारासारखाच, फक्त मिरच्यांच्या ढिगाशेजारी जिन्सेंग असतं. तिथंच जवळ रस्त्यावर गरम पाण्याच्या झऱ्याचा फुकट पाय बुडवायचा कट्टा आहे. गावातल्या आज्या तिथं पाय सोडून गप्पा मारत असतात, "बाप मोगोस्सोयो?" म्हणून विचारतील. अर्थ शब्दशः "जेवलीस का?" उत्तर कसं द्यायचं ते तुझ्या मैत्रिणीला शिकवायला नको. एक वाजता तू क्लासला, ती तिच्या वाटेनं: गोंगजूला बसनं जाता येतं, बेकजे राजांची ती जुनी राजधानी २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथं गर्दी नसते.

रात्री नऊनंतरचं आधीच सांगून ठेव. सहा तास मोठ्यानं, सावकाश, हातवारे करत इंग्रजी बोलल्यावर घरी आलेल्या माणसाकडे कुठल्याच भाषेत शब्द उरत नाहीत. मी एकदा दारात चप्पल काढता काढता मैत्रिणीला विचारलं, "डू… यू… वॉन्ट… चहा?" आणि कपाचा अभिनयही केला. ती दिवसभर एकटी फिरलेली असते, तिला आता मराठी बोलायचं असतं. अर्धा तास माग. भात गरम कर, काही बोलू नकोस, मग बोल. आणि रोज रात्री दहाला तू उभ्याउभ्या दुकानातला त्रिकोणी किमबाप खाऊन झोपतेस हे तिच्या लक्षात येणारच आहे, तेव्हा आईला कळवू नकोस एवढं तिच्याकडून वदवून घे.

तिला तुझ्या वर्गात न्यायचं का? माझं मत, नको. मी नेलं होतं एकदा. वॉनजांगनिम फार खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, उद्याच्या पालकभेटीत मैत्रीण मुलांशी तासभर इंग्रजीत बोलेल का. ती पर्यटक व्हिसावर, मी ई-२ वर. "नाही" म्हणायला मला घाम फुटला आणि पुढचा आठवडा स्टाफरूममध्ये थंड गेला. मुलांना भेटवायचं असेल तर सुटताना दाराशी भेटव. पहिला प्रश्न वयाचा असेल, दुसरा लग्नाचा. तेवढं पुरे होतं.

सोलबद्दल थोडंच सांगते, कारण ते सगळीकडे लिहिलेलं असतं. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, छांगदोकगुंग सोमवारी. हानबोक हा कोरियन पोशाख भाड्यानं घालून गेलं तर राजवाड्यात तिकीट लागत नाही. ट्रेकची आवड असेल तर बुखानसान, ८३६ मीटर. कळसूबाईच्या निम्मा, पण शेवटचा टप्पा उघड्या कातळावर लोखंडी दोर धरून जायचा आहे, आणि साठीच्या काकू तिला मागं टाकून जातील. अडली तर १३३० वर फोन करू दे, पर्यटकांसाठीचा हा नंबर इंग्रजीत चोवीस तास चालतो. बुसानला जाल तेव्हा शेजारच्या किमहेला अर्धा दिवस काढा. 'सामगुक युसा' या जुन्या कोरियन ग्रंथात आयुता देशातून समुद्रमार्गे आलेल्या राणी हो हवांग-ओकची कथा आहे, किमहेत तिची समाधी दाखवतात. आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच कोरियन मानतात. हो आडनावाच्या माझ्या एका विद्यार्थिनीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपण नातेवाईक आहोत.

पैशांचं इथल्या पद्धतीनं करा. जेवण तू दे, मग कॉफीचं दुसरं दुकान ती. इथं सहसा एकाच बिलाचे दोन भाग करत बसत नाहीत, फेऱ्या वाटून घेतात, आणि "तू पाहुणी, तू नको देऊस" ही आपली झटापट गल्ल्यासमोर होत नाही.

चिठ्ठ्यांचं राहिलं. ती गेल्यावर त्या लगेच काढू नकोस, पुढच्या पाहुण्याला लागतात. मी देजॉनची खोली सोडताना सगळं आवरलं, पण बॉयलरवरच्या दोन विसरले. वर्षभरानं तिथं राहायला आलेल्या आयरिश शिक्षकानं क्लासमधून माझा नंबर मिळवून फोटो पाठवला, की हे काय लिहिलंय, कारण तो रोज यातलं एक दाबतोय. मी बघितलं. तो "हे दाबू नकोस" दाबत होता.